लंडनचं पत्र : कोळसा गेला, पोलाद येतंच आहे

३० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन ठिकाणची आग विझली. नॉटिंगहॅमजवळ रॅटक्लिफला कोळशावर चालणारं देशातलं शेवटचं वीजकेंद्र बंद झालं आणि वेल्समधल्या पोर्ट टॅलबटला टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टी थंड झाली. पहिल्या बातमीचं जगभर कौतुक झालं. दुसरीत हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

१८८२ साली लंडनच्या हॉबर्न व्हायाडक्टवर एडिसनने कोळशावरची वीज विकायला सुरुवात केली. तिथपासून रॅटक्लिफपर्यंत १४२ वर्षं झाली. २०१२ मध्येही सुमारे ४० टक्के वीज कोळशाचीच होती, म्हणजे शेवटचा उतार बाराच वर्षांत संपला. १९९०च्या तुलनेत इथलं उत्सर्जन निम्म्यावर आलंय आणि अर्थव्यवस्था मात्र भरपूर वाढलीय. आकडे खरे आहेत. २००८चा हवामान कायदा, २०१३पासून वीजकेंद्रांच्या कार्बनला लावलेली किमान किंमत, उत्तर समुद्रातल्या पवनचक्क्या हे सगळं कष्टाने केलेलं काम आहे.

पण कोळसा सोडायची सुरुवात हवामानासाठी झाली नव्हती. १९८४-८५चा खाणकामगारांचा संप पंतप्रधान थॅचरबाईंनी मोडून काढला, खाणी बंद पडत गेल्या आणि नव्वदीत उत्तर समुद्राचा गॅस स्वस्त पडला म्हणून वीज कंपन्या तिकडे वळल्या. कारखाने उठले, बँका आणि विमा कंपन्या वाढल्या. एक पौंड कमवायला बँकेला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या कितीतरी पट पोलाद कारखान्याला लागते. मालाचा वापर मात्र कमी झाला नाही, माल बाहेरून येऊ लागला. आयात मालाचा धूर हिशेबात धरला तरी घट दिसते, फक्त ती बरीच लहान होते. आणि घरं? बहुतेकांच्या स्वयंपाकघरात कपाटाएवढा गॅस बॉयलर अजून भिंतीवर आहेच. गॅसऐवजी विजेवर घर तापवणाऱ्या हीट पंपाचा विषय निघाला, की शेजारीपाजारी आधी खर्च विचारतात.

पोर्ट टॅलबटला सगळं उघड दिसतं. तिथे विजेवर भंगार वितळवणारी भट्टी उभी राहतेय. खर्च सव्वा अब्ज पौंड, त्यातले ५० कोटी सरकारचे. टाटांच्या हिशेबाने एवढ्या एका बदलाने ब्रिटनचं एकूण उत्सर्जन सुमारे दीड टक्क्याने घटेल. भट्टी पेटेपर्यंत इथल्या रोलिंग मिलला पोलादाचे स्लॅब बाहेरून येताहेत, टाटांच्याच नेदरलँड्स आणि भारतातल्या कारखान्यांतूनसुद्धा. तिथल्या झोतभट्ट्या कोळशावरच चालतात. मालक तोच, गिऱ्हाईक तेच, धूर फक्त दुसऱ्याच्या वहीत.

आता जानेवारी २०२७पासून आयात पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम यांवर कार्बनकर लावायचं ब्रिटनने ठरवलंय. त्याचे पैसे लंडनच्या तिजोरीत जातील.