दगड माणसांनीच ओढले

‘फेरो’ हा प्राचीन इजिप्तमध्ये शहर वसवण्याचा संगणकीय खेळ १९९९मध्ये आला आणि २०२३मध्ये नव्या रूपात परतला. खाणीतला दगड चाकं नसलेल्या लाकडी घसरगाडीवर चढवायचा आणि मजुरांच्या टोळीने तो पिरॅमिडपर्यंत ओढत न्यायचा, हे त्यातलं नेहमीचं दृश्य. ते पाहून कुणीतरी हमखास म्हणतं, ‘खेळात ठीक आहे, पण वाळूतून अडीच टनांचा दगड माणसं ओढूच शकत नाहीत.’ पाठोपाठ परग्रहवासी येतात. पुरावे इतके उघड असताना हे पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं, याचा उबग येतो.

सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीच्या जेहुतीहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातलं चित्र पाहावं. घसरगाडीवर महाकाय पुतळा बांधलेला आहे, चार रांगांत १७२ माणसं दोर ओढत आहेत आणि गाडीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एकजण समोर पाणी ओततो आहे. हे पाणी म्हणजे केवळ विधी, असं पुष्कळ काळ मानलं गेलं. २०१४मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगच करून पाहिला. कोरड्या वाळूत गाडीपुढे ढीग साचतो आणि ती अडते. वाळू बेताची ओली केली, की कण एकमेकांना धरून राहतात, पृष्ठभाग घट्ट होतो आणि ओढायला जवळपास निम्मंच बळ पुरतं. पाणी जास्त झालं, तर मात्र हा फायदा जातो.

शिवाय सगळा दगड दुरून आलेलाच नव्हता. खुफू राजाच्या पिरॅमिडचा बहुतेक चुनखडी दगड गिझाच्या पठारावरच, बांधकामाच्या बाजूला काढलेला आहे. वरच्या आवरणाचा शुभ्र दगड नाईलपलीकडच्या तुराहून आला, ग्रॅनाइट तर सुमारे ८०० किलोमीटरवरच्या अस्वानहून, तोही नदीने. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे २०१३मध्ये सापडलेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखालची चाळीसेक माणसं तुराचा दगड होड्यांत भरून गिझाला पोचवत. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या होत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘ओढणारे गुलाम होते’ : गिझाला कामगारांची वस्ती, त्यांच्या भट्ट्या आणि पिरॅमिडच्या सावलीतली त्यांची थडगी सापडली आहेत; गुलामांना हा मान मिळाला नसता. खेळही त्यांना शेतकरी-मजूर म्हणूनच दाखवतो. ‘चाक ठाऊक नव्हतं म्हणून घसरगाडी’ : चाक ठाऊक होतं, पण एवढ्या वजनाखाली ते वाळूत रुतणारच.

खेळणाऱ्यांचाही एक गैरसमज आहे : मजूर-छावण्या वाढवल्या, की पिरॅमिड भराभर उभा राहतो. गोदामात दगडच नसेल, तर टोळ्या ओढणार काय? पेरणी-कापणीला तीच माणसं शेतावर जातात, पूर आला की बांधकामाला मोकळी होतात. तेव्हा पुरापूर्वी गोदामं भरून ठेवा आणि छावण्या नंतर वाढवा.