‘दॅन’ म्हणजे ‘पेक्षा’: रेट वाचताना एवढं बघाच

होलसेलरच्या रेटमध्ये ‘दॅन’ दिसलं की जरा थांबा. ‘दॅन’ म्हणजे आपलं ‘पेक्षा’. मराठीत ‘पेक्षा’ आकड्यानंतर येतो, इंग्रजीत ‘दॅन’ आकड्याच्या आधी.

‘लेस दॅन 50’ म्हणजे 50 पेक्षा कमी, 49 पर्यंतच. ‘मोर दॅन 50’ म्हणजे 51 पासून पुढे. मग बरोबर 50 नग घेतले तर रेट कोणता? 50 दोन्हीत बसतच नाही! नगामागे 5 रुपयांचा फरक असेल, तर 250 रुपयांचा प्रश्न आहे.

म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारा, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि तुमच्या रेटकार्डवर ‘50 ऑर मोर’ लिहा, म्हणजे 50 किंवा त्याहून जास्त. गिऱ्हाइकाशी वादच होणार नाही.