राखीव वीज : दोन बॅटऱ्यांची एक व्यवस्था

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी पातूर वसले आहे. समुद्र येथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही पातूर तालुक्यातील ग्रामपंचायती, शाळा व आरोग्य उपकेंद्रे यांनी कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार नौकांकडून घेण्याजोगी एक गोष्ट आहे. ती म्हणजे बॅटऱ्यांची जोडणी.

सातपाटी, हर्णै किंवा मिरकरवाडा येथून यांत्रिक नौका खोल समुद्रात जाते, तेव्हा तिच्यावरील दिवे, बिनतारी संच व दिशादर्शक यंत्र ही सर्व बॅटरीवर चालतात. इंजिन सुरू करण्यासही बॅटरीच लागते. ही सारी कामे एकाच बॅटरीवर सोपविली आणि रात्रभराच्या दिव्यांनी ती रिकामी केली, तर पहाटे इंजिन सुरू होत नाही आणि मदत मागण्यासाठी बिनतारी संचही उरत नाही. म्हणून जाणता तांडेल बॅटऱ्यांचे दोन संच ठेवतो. एक नित्याच्या वापराचा, दुसरा केवळ इंजिनासाठी राखलेला. दोहोंच्या मध्ये एक बदलकळ असते. तिच्या योगे पहिला संच, दुसरा संच, दोन्ही एकत्र किंवा सर्व बंद, अशा चार स्थिती साधता येतात.

ग्रामीण महाराष्ट्राने २००५ नंतरची काही वर्षे दीर्घ भारनियमन सोसले. त्या काळात इन्व्हर्टर घरोघरी व कार्यालयोकार्यालयी पोहोचला. आज वीज जाते ती वादळाने वा बिघाडाने. परंतु दाखले देणारा संगणक बंद पडला, किंवा उपकेंद्रात प्रसूतीच्या वेळी दिवा गेला, तर कारण कोणतेही असो, अडचण तीच. अशा वेळी बहुतेक ठिकाणी उपाय केला जातो तो आणखी एक बॅटरी विकत घेऊन जुन्या बॅटरीला जोडण्याचा. नेमकी येथेच चूक होते.

दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या, म्हणजे एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकास जोडले, तर व्होल्ट दुप्पट होतात. १२ व्होल्टच्या दोहोंचे २४ व्होल्ट होतात. समांतर जोडल्या, म्हणजे धन धनास व ऋण ऋणास जोडले, तर व्होल्ट १२ च राहतात, साठवण मात्र दुप्पट होते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री १,८०० वॉट-तास वीज साठविते. शिसे व आम्ल यांच्या बॅटरीस दीर्घायुष्य द्यावयाचे, तर निम्म्याहून अधिक वीज काढू नये. इन्व्हर्टरमधील घट वजा जाता हाती सुमारे ७५० वॉट-तास येतात. चार नळीदिवे, दोन पंखे व एक संगणक मिळून ३०० वॉट धरले, तर ही वीज अडीच तास पुरते. इन्व्हर्टर स्वतः बंद होतो तो साधारणतः साडेदहा व्होल्टच्या आसपास. तोपर्यंत निम्म्याची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

समांतर जोडणीचा लाभ खरा आहे. भार दोघींत विभागला जातो आणि कोणतीही एक फार खोल रिकामी होत नाही. पण त्यासाठी दोन्ही एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या व एकाच वयाच्या हव्यात. चार वर्षांची थकलेली बॅटरी नव्या बॅटरीच्या शेजारी बसविली, की थकलेली नवीला आपल्या पातळीवर ओढते. ग्रामपंचायतीचा निधी तर तुकड्यातुकड्यांनी येतो. एक बॅटरी या वर्षी, दुसरी पुढच्या वर्षी. अशा संस्थेस नौकेवरील पद्धतच अधिक सोयीची ठरते. दोन संच वेगळे, मध्ये बदलकळ. एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहते आणि नवी खरेदी जुनीच्या वयाशी बांधली जात नाही.

मात्र इन्व्हर्टरचा भारक, ज्या संचास जोडलेला असेल त्यालाच वीज भरतो. राखीव बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडून राहिली, तर आपोआप उतरते, तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि ऐन गरजेच्या वेळी ती दगा देते. यावर साधा उपाय पाळीचा. काही नाविक सम तारखांस एक व विषम तारखांस दुसरी बॅटरी वापरतात. कार्यालयात आठवड्याची पाळी पुरेशी होईल. पाळी बदलण्यापूर्वी वापरातील बॅटरी पूर्ण भरलेली असावी. कळ फिरविताना इन्व्हर्टर आधी बंद करावा. ‘दोन्ही एकत्र’ ही स्थिती तर जपूनच वापरावी. भरलेली व रिकामी बॅटरी एकदम जोडल्यास एकीतून दुसरीत मोठा प्रवाह धावतो व तारा तापतात. काही तास विसावलेली भरलेली बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते, निम्मी उतरलेली १२.२, दोहोंतील फरक व्होल्टच्या एक-दोन दशांशांहून अधिक नसेल तेव्हाच त्या जोडाव्यात. प्रत्येक संचाच्या धन टोकाजवळ स्वतंत्र फ्यूज हवा. तारा जाड व शक्य तितक्या आखूड असाव्यात. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

वऱ्हाडातील उन्हाळ्याचा विचार मात्र कोकणातील तांडेलास करावा लागत नाही. अकोला जिल्ह्यात पारा ४५ अंशांवर जातो. २५ अंशांच्या वर दर १० अंशांच्या वाढीस बॅटरीचे आयुष्य निम्म्याच्या आसपास येते, असा सर्वमान्य अंदाज आहे. पत्र्याच्या छपराखालील कोपरा, म्हणूनच, सर्वांत वाईट जागा. उत्तरेकडील भिंतीलगतची, हवा खेळती असलेली खोली निवडावी. भरताना हायड्रोजन वायू सुटतो, त्यासाठीही खिडकी उघडी हवी. एप्रिल ते जून या काळात डिस्टिल्ड पाण्याची पातळी पंधरवड्यास पाहावी. विहिरीचे पाणी मुळीच घालू नये.

प्रत्येक बॅटरीवर खरेदीचा महिना रंगाने लिहावा आणि पाळीची नोंद एका वहीत ठेवावी. निकामी बॅटरी भंगारवाल्यास विकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती विक्रेत्याकडे अथवा अधिकृत संकलन केंद्राकडे परत करावी.