पाइप भरला की थांबायचं कुणी?

एखादा प्रोग्रॅम कित्येक महिने नीट चालतो आणि एके दिवशी मध्येच थिजतो. त्रुटीचा संदेश नाही, प्रोसेसरवर भार नाही. अशा वेळी एक आकडा आधी तपासावा : ६५,५३६. लिनक्समधल्या पाइपात सहसा इतकेच बाइट, म्हणजे ६४ केबी, मावतात.

पाइप म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या हाती देण्याची सोय. बेल लॅब्जमधल्या डग मॅक्इलरॉय यांनी ही कल्पना १९६४ मध्ये कागदावर मांडली. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये उतरवली. मधला डेटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच्या मेमरीतल्या बफरमध्ये धरून ठेवतो, पण ठरावीक मापापर्यंतच. बफर भरला की लिहिणाऱ्याला झोपवतो, वाचणाऱ्याने जागा मोकळी केली की उठवतो. म्हणूनच कित्येक जीबींची फाइल एवढ्याशा मेमरीतून पार होते. मर्यादा नसती तर वेगाने लिहिणाऱ्याने संथ वाचणाऱ्यापुढे डेटाचा ढीग लावून मशीनच बसवलं असतं. पाइपाचं सगळं सौंदर्य मला तरी या आखूडपणातच दिसतं.

मग तो प्रोग्रॅम अडकला कुठे? त्याने दुसरा प्रोग्रॅम सुरू केला आणि तो संपल्यावरच त्याचं आउटपुट वाचायचं ठरवलं. आउटपुट थोडं होतं तोवर निभावलं. ते ६४ केबीच्या पुढे गेलं त्या दिवशी पाइप भरला, लिहिणारा पाइपात जागा मोकळी होण्याची वाट पाहू लागला आणि पहिला त्याच्या संपण्याची. कर्नलच्या लेखी यात काही बिघडलेलंच नाही. बफर वाढवून हा पेच सुटत नाही, फक्त लांबणीवर पडतो. दुसरा लिहीत असतानाच वाचत राहणं, हाच उपाय.

२००५ पर्यंत लिनक्सचा पाइप एका पेजाचा, म्हणजे सहसा ४,०९६ बाइटचा होता. इतक्या छोट्या बफरमुळे दोन्ही प्रोग्रॅमना सारखं झोपावं-उठावं लागे. आवृत्ती २.६.११ पासून तो १६ पेजांचा झाला. २.६.३५ पासून प्रोग्रॅमला स्वतःहून मोठा बफर मागता येऊ लागला. सामान्य वापरकर्त्याला साधारणपणे १ एमबीपर्यंत.

इथे नवा धोका उभा राहिला. शेकडो पाइप उघडायचे, भरायचे आणि वाचायचेच नाहीत, असं कुणी ठरवलं तर? कर्नलची ही मेमरी डिस्कवर हलवताही येत नाही. म्हणून २०१६ मध्ये, आवृत्ती ४.५ मध्ये, प्रत्येक वापरकर्त्याच्या सगळ्या पाइपांवर मिळून १६,३८४ पेजांची, म्हणजे साधारण ६४ एमबीची, सौम्य मर्यादा आली. ती ओलांडली तरी सामान्य वापरकर्त्याला नवा पाइप नाकारला जात नाही, पण तो अगदी लहान मिळतो : आधी एका पेजाचा, आता दोन पेजांचा. कडक मर्यादाही आहे, पण ती प्रशासकाने घातली तरच लागू होते.

मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. मात्र ६४ केबी गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम गजबजलेल्या सर्व्हरवर अचानक अडकू शकतो. पॉझिक्स हे मानक पाइपात किती मावेल याची हमीच देत नाही. एका वेळी लिहिलेले निदान ५१२ बाइट इतरांच्या डेटात मिसळणार नाहीत, एवढंच त्याचं वचन. लिनक्समध्ये ते ४,०९६ बाइटपर्यंत पाळलं जातं.