एका गावाची एकच तक्रार : ग्राहक आयोगाची परवानगी कशी मागावी



पेरलेले उगवले नाही की दुबार पेरणी आणि पुन्हा कर्ज, हे आपल्या वर्धा जिल्ह्यातील गोंड व कोलाम कुटुंबांचे जुने दुखणे आहे. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या; मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच स्पष्ट केले आहे. पण मजुरी बुडवून एकट्याने वर्ध्याच्या फेऱ्या मारणे कोणाला परवडते?

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 35 मध्ये यावर वाट आहे. एकाच कारणाने अनेकांचे नुकसान झाले असेल, तर त्यांच्यापैकी एक किंवा काही जण जिल्हा आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने तक्रार करू शकतात. तक्रारीसोबत परवानगीचा अर्ज द्यावा. बियाणे तेच, दोष तोच आणि मागणी तीच, हे त्यात दाखवावे. शेतकरी साधारण किती, तेही लिहावे. परवानगी मिळाल्यावर बाकीच्यांना नोटीस द्यावी लागते. निकाल सर्वांना बांधतो. म्हणून त्यांना न कळवता तडजोड करता येत नाही.

दहा-पंधरा जणच असतील आणि ते फक्त स्वतःपुरते मागत असतील, तर ते आपापल्या नावाने एकत्र तक्रार करू शकतात. त्याला ही परवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले.

पक्के बिल, पिशवी आणि लॉट नंबरचा टॅग जपून ठेवावा. पीक शेतात असतानाच कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन तालुका समितीचा पंचनामा करून घ्यावा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात शुल्क नाही.

सावंगी (मेघे) व वर्धा परिसरातील मंडळ्यांत लिहिणारे-वाचणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एवढे करावे : अंगठा घेण्याआधी अर्ज शेतकऱ्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावा. ज्याच्या नावाने आपण बोलतो, त्याला काय बोललो हे कळलेच पाहिजे.

लूककृत शुभवर्तमानातील विधवेला न्यायाधीशाचे दार एकटीने ठोठवावे लागले. आपल्या शेतकऱ्यांवर ती वेळ येऊ नये.