उच्चदाब वीजवाहिन्यांलगतची वस्ती आणि आरोग्यविषयक धोका : एक विवेचन

शहरांच्या सीमा विस्तारत गेल्या, तशा एकेकाळी शेतांवरून जाणाऱ्या उच्चदाब वीजवाहिन्यांलगत वसाहती उभ्या राहिल्या. अशा घरांत राहिल्याने कर्करोग होतो काय, हा तेथील रहिवाशांचा स्वाभाविक प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

या चर्चेस प्रारंभ झाला तो १९७९ साली, अमेरिकेतील डेन्व्हर येथील नॅन्सी वर्थायमर व एड लीपर यांच्या अभ्यासाने. कर्करोगाने दगावलेल्या मुलांची घरे अधिक प्रवाह वाहणाऱ्या तारांजवळ तुलनेने जास्त आढळली. पुढे २००० साली अनेक देशांतील आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक चुंबकीय क्षेत्र असलेल्या घरांत बालकांच्या रक्तकर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. अशी घरे एक टक्क्याहूनही कमी होती. २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे क्षेत्र ‘कदाचित कर्ककारक’ या गटात ठेवले.

‘दुप्पट’ हा शब्द भयावह खरा. परंतु मूळ प्रमाण किती, हे पाहिल्याखेरीज त्यास अर्थ नाही. इंग्लंड व वेल्समधील २००५ च्या अभ्यासानुसार तेथे वर्षाला आढळणाऱ्या सुमारे ४०० बालरुग्णांपैकी फार तर पाचांचा संबंध वाहिन्यांशी जोडता येईल. शिवाय तेथे वाढीव प्रमाण ६०० मीटरपर्यंत दिसले. इतक्या अंतरावर वाहिनीचे क्षेत्र घरातील वायरिंगच्या क्षेत्राहूनही क्षीण असते. याच अभ्यासाच्या २०१४ मधील विस्तारात १९८० नंतरच्या दशकांत हा संबंध उरलाच नाही. चुंबकीय क्षेत्र हेच कारण असते, तर तो असा विरून गेला नसता.

या तुलनेत विजेचा धक्का हा निर्विवाद धोका आहे, आणि त्याची चर्चा मात्र अल्प होते. अतिउच्च दाबाच्या तारेस स्पर्श करण्याचीही गरज नसते. अंतर पुरेसे कमी झाले की मधल्या हवेतूनच ठिणगी झेपावते. म्हणूनच भारतातील नियमांनुसार ३३ किलोव्होल्टच्या वाहिनीपासून इमारतीचे आडवे अंतर किमान २ मीटर व उभे ३.७ मीटर असावे लागते. पुढील प्रत्येक ३३ किलोव्होल्टला (वा त्याच्या अंशाला) ०.३ मीटर वाढवावे लागते. या हिशेबाने २२० किलोव्होल्टसाठी ती अंतरे अनुक्रमे ३.८ व ५.५ मीटर भरतात. गच्चीवर एक मजला चढविताना, लोखंडी सळई उभी करताना अथवा संक्रांतीस तारेत अडकलेला पतंग काठीने काढताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते.