निर्बीजीकरणाचा अपुरा हिशेब
मुंबई महापालिका १९९४ पर्यंत भटकी कुत्री विजेच्या धक्क्याने मारीत असे. त्याने संख्या घटली नाही. मोकळ्या झालेल्या गल्लीत नवी कुत्री येत राहिली. पुढे निर्बीजीकरणाचे नियम २००१ मध्ये झाले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. मार्ग योग्यच, पण त्याच्या खर्चाचा हिशेब अपुरा मांडला जातो. प्रश्न केवळ शस्त्रक्रियेचा नाही. कुत्रे पकडणे, गाडी, भूल, जखम भरेपर्यंत पिंजरा व अन्न, रेबीजची लस, कानावरील खूण आणि त्याच गल्लीत परत सोडणे, हे सारे त्यात येते. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम दिले की काटछाट होते ती शुश्रूषेत. त्याहून वाईट अर्धवट काम. कुत्रीचा गर्भकाळ अवघा दोन महिन्यांचा. तरतूद संपून काम वर्षभर थांबले, तर उरलेल्या माद्या आधीचा खर्च पाण्यात घालवितात. (मांजरांचा विचार तर बहुतेक ठिकाणी होतच नाही.) उलट, श्वानदंशानंतरच्या लशी आणि मजुराचा बुडालेला रोज या हिशेबात कोणी धरीत नाही. नगरपालिकांनी निदान तीन वर्षांची तरतूद एकदम मंजूर करावी, आणि देयक देण्यापूर्वी कानावरच्या खुणा मोजाव्यात.